दुर्बिणीतून पोट दिसले, मग तुकडा कशासाठी?

आपल्या वडिलांच्या एंडोस्कोपीच्या अहवालात ‘जठराला सौम्य सूज’ एवढेच लिहिले असताना डॉक्टरांनी तुकडे तपासायला का पाठवले, त्यांना कॅन्सरचा संशय आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या आईच्या वेळी तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रावाची छोटी बाटली हातात घेऊन रिक्षाने राजारामपुरीतल्या लॅबकडे जाताना माझ्याही मनात हेच होते. तळाशी तांदळाच्या कणीएवढे चार पांढुरके कण होते आणि खड्डा आला की ते हलत.

दुर्बिणीला आतल्या अस्तराचा पृष्ठभाग दिसतो, त्यातील पेशी दिसत नाहीत. लालसर दिसणारे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली ठीक निघते आणि नितळ दिसणाऱ्या अस्तरात दोष सापडतो, असे दोन्ही घडते. सूज असल्यास बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध घ्यायचा असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना हा जंतू अशा तुकड्यांतच दिसला आणि पुढे त्यांना व बॅरी मार्शल यांना 2005 चे नोबेल मिळाले. एखादा तुकडा तिथल्या तिथे पिवळ्या किटमध्ये ठेवतात. तो भाग गुलाबी झाला, तर जंतू आहे असे समजतात.

आईचा प्रश्न वेगळा होता. रक्त वाढत नव्हते, लहान आतडे मात्र दिसायला चांगले होते. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलिॲक आजारात तिथले बारीक केसांसारखे उंचवटे झिजतात, पण सगळीकडे सारखे नाही, म्हणून चार-सहा ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. (त्याआधी स्वतःच्या मनाने चपाती बंद केली, तर आजार असूनही निदान हुकू शकते.)

जठरातील व्रणाच्या कडेचा तुकडा मात्र कॅन्सर नाही याची खात्री करण्यासाठीच घेतात, कारण साधा व्रण आणि कॅन्सरचा व्रण नुसत्या नजरेला सारखे दिसू शकतात. आपल्या अहवालात व्रणाचा उल्लेख नाही.

तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, काढताना दुखत नाही आणि रक्तही सहसा थोडेच येते. आपले वडील रोज गॅसची गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. तपासणीपूर्वी दोन आठवडे ती बंद नसेल, तर जंतू असूनही अहवालात ‘नाही’ असे येऊ शकते.