दुय्यम लीगमधला आइस हॉकीपटू: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (ब्रॅम्प्टन, कॅनडा): माझ्या एकवीस वर्षांच्या मुलाला अमेरिकन हॉकी लीगमधल्या एका संघाने करार देऊ केला आहे. त्याचा एनएचएलचा, म्हणजे सर्वोच्च लीगचा, मार्ग मोकळा झाला, असे समजावे का?

उत्तर: आधी करार नेमका कोणाशी आहे, ते पाहावे. एनएचएलच्या एक पायरी खाली असलेल्या या लीगमधला प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला असल्यामुळे एकाच रंगाची जर्सी घालणाऱ्या दोन खेळाडूंची स्थिती अगदी वेगळी असू शकते: एकाचा करार वरच्या संघाशी असतो आणि त्याला खाली खेळायला पाठवलेले असते, तर दुसऱ्याचा करार केवळ खालच्या संघाशी असतो आणि वर खेळण्यासाठी त्याला एनएचएलचा स्वतंत्र करार मिळवावा लागतो. पहिल्या प्रकारातही करार बहुधा ‘टू-वे’ असतो, म्हणजे जितके दिवस वर, तितक्याच दिवसांचा मोठा पगार. म्हणून घरखर्चाचा हिशेब खालच्या आकड्यावरच मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न निवडल्या गेलेल्या अर्शदीप बैन्सने 2022 मध्ये व्हँकुव्हरच्या एनएचएल संघाशी करार केला, पण एनएचएलमधला पहिला सामना त्याला फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाला.

प्रश्न (पुणे): अमेरिकन हॉकी लीगमधले चांगले खेळणारेही तिशीच्या आत युरोपात का जातात?

उत्तर: याचे एक मोठे कारण नियमात आहे. गोलरक्षक वगळता सामन्यात उतरणाऱ्या 18 खेळाडूंपैकी किमान 13 जण नवोदित असावे लागतात, आणि त्यांतल्या 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 पेक्षा अधिक असून चालत नाहीत. हंगाम 72 सामन्यांचा असल्याने चार पूर्ण हंगाम खेळलेला सव्वीस वर्षांचा खेळाडूही ही मर्यादा ओलांडतो आणि मोजक्या उरलेल्या जागांसाठी झगडू लागतो. नवोदितांच्या घडणीसाठी नियम योग्य आहे. पण ज्यांच्याकडे पाहून ते शिकतात, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न (नाशिक): ईसीएचएलमध्ये जाणे म्हणजे उतरणीला लागणे का?

उत्तर: तसे नाही. ही लीग अमेरिकन हॉकी लीगच्या आणखी एक पायरी खाली आहे, तिथे पगार आठवड्याच्या हिशेबाने मिळतो आणि राहण्याची सोय संघ करतो. गोलरक्षक जोनाथन क्विक 2007-08 मध्ये तिथे रीडिंगकडून खेळला, आणि 2012 मध्ये लॉस एंजेलिसने एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅनली कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला (बाद फेऱ्यांमधला) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

प्रश्न (ठाणे): एनएचएलमध्ये स्थिरावता आले नाही, तर कारकीर्द वाया गेली असे म्हणायचे का?

उत्तर: विली मार्शल 1952 ते 1972 अशी वीस वर्षे अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळले. 1,205 सामने, 523 गोल आणि 1,375 गुण (गोल आणि गोलसाठी केलेले साहाय्य मिळून) हे त्यांचे आकडे. एनएचएलमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला अवघे 33 सामने आले. आज अमेरिकन हॉकी लीगमध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला जो पुरस्कार मिळतो, तो मार्शल यांच्याच नावाचा आहे.