दुखण्यानं काय काय नेलं, ते आधी सांगा : वाचकांचे प्रश्न

कापूस वेचणी सुरू झाली की कंबर, मान, टोंगळे (गुडघे) यांचे प्रश्न भरपूर येतात. या वेळी पुष्कळांना उपचारच विचारायचा आहे, सुई घेऊ का, पट्टा लावू का, ऑपरेशन करू का. झोपेचं, घरातल्या बोलण्याचं, कामाचं काय झालं ते मात्र एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. मला तीच ओळ आधी वाचावी लागते. एक प्रश्न घाईचा आहे, तो सगळ्यात वर घेतला.

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे. दीड वर्षापासून कंबर अन् डावा पाय दुखते. एमआरआयमध्ये गादी सरकली म्हणे, तेव्हापासून वावरात जाणं बंद, वाकत नाहीत, दिवसभर बाजेवर. कर्ज आहे, सोयाबीन गेलं. आधी चिडायचे, आता बोलतच नाहीत. परवा म्हणाले, मी नसलो तर तुमचं बरं होईल. ऑपरेशन केलं तर नीट होतील का? (यवतमाळ जिल्हा)

ताई, ऑपरेशनचं जरा थांबू. ते परवा जे बोलले ना, ते टेन्शनमध्ये बोलले असतील म्हणून सोडून देऊ नका. आजच, पोरं झोपली की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीवाचं काही बरंवाईट करायचं मनात येते का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल अशी भीती सगळ्यांना वाटते, पण तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाले, किंवा काही न बोलता नुसते रडले, तरी त्यांना एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं आजच्या आज घरातून हलवा, दिराकडे नाहीतर शेजारी कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्या हाती लागू देऊ नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र लागतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः लावला तरी चालतो. आणि शक्य तितक्या लवकर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत न्या, मनात काही ठरवलंय असं वाटलं तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच न्या.

आता गादीचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन होते. त्यातल्या पन्नाशीच्या लोकांमध्ये ६० टक्क्यांची गादी बाहेर आलेली दिसली, आणि त्यांना काही त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्ट खोटा असतो असं नाही, पण नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशन ठरत नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल लुळं पडत चाललं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. तसं काही नसेल तर आधी हे समजून घ्यावं लागेल की ते बाजेवर दुखतं म्हणून पडून आहेत, की वाकलं तर कायमचं अपंग होऊ या भीतीनं, की आता कशातच मन लागत नाही म्हणून. तिन्ही मिळूनही असतं. भीती असेल तर फिजिओथेरपिस्टसोबत हळूहळू वाकायला शिकवणं हाच उपचार असतो. मन बुडालेलं असेल तर त्याचा उपचार सोबत लागतो, नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस बाजेवरच राहतो.

प्रश्न : दोन वर्षांपासून पाठ दुखते म्हणून नागपूरला दुखण्याच्या ओपीडीत गेलो. वाटलं सुई देतील. तर त्यांनी फॉर्म दिला, झोप येते का, उदास वाटते का, चिडचिड होते का, जगणं नकोसं वाटते का. दुखते पाठ अन् प्रश्न हे काऊन? मी काय पागल आहो का?

नाही दादा. आणि राग आला हे बरोबरच आहे, कारण फॉर्म हातात देताना कोणी दोन वाक्यं समजावून सांगत नाही.

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे नव्या दुखण्यापेक्षा वेगळं वागतं. मार लागल्यावर दुखतं तेव्हा शरीर सांगत असतं की इथं इजा आहे. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते आणि नसा, मणका, मेंदू यांची संवेदना वाढून बसलेली असते, साध्या हालचालीलाही ते जोरात ओरडतात. झोप मोडली की हे आणखी वाढतं, काळजीनं वाढतं, उदासीनं वाढतं, आणि दुखणं वाढलं की परत झोप मोडते. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या परत लिहिली, त्यातही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा असा दोन्ही अनुभव आहे असंच म्हटलंय. त्यामुळे मनाचं विचारलं म्हणजे दुखणं खोटं ठरवलं असा अर्थ काढू नका, दुखणं खरं आहे हे धरूनच ते विचारतात.

तुम्हाला बहुतेक नऊ प्रश्नांचा फॉर्म दिला असेल, मागच्या दोन आठवड्यांचं विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टर नीट बसवून पुढचं विचारतात, लगेच शिक्का मारत नाहीत. माझा अनुभव असा की गडीमाणसं सगळीकडे "नाही" वर खूण करून देतात, आणि मग बायको बाहेर गेली की सांगतात की रात्री तीन-तीन वाजेपर्यंत अंगणात बसून असतो. तेवढं एक कळलं तरी औषध बदलतं.

आणि हे आधीच का, तर सुई-गोळ्या सुरू झाल्यावर काय कशामुळे झालं ते कळत नाही. आधीची नोंद असली तर तीन महिन्यांनी ताडून बघता येतं. दुखणं १० पैकी ८ वरून साडेपाचवर आलं, म्हणजे साधारण ३० टक्के उतरलं, तर आम्ही तो खरा फरक मानतो, पण तुम्हाला वाटतं दुखतंच आहे, सुई वाया गेली. त्याच वेळी तुम्ही परत ट्रॅक्टरवर एक तास बसू लागलात हे कागदावर असलं तर दिसतं. म्हणून जाताना एक गोष्ट ठरवून जा, बरं होणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय, परत कोणतं काम करता आलं पाहिजे. मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारते आणि माझ्या मते सगळ्या फॉर्ममध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा.

प्रश्न : सासूबाईंचे टोंगळे पाच वर्षांपासून दुखतात. डॉक्टर विचारतात शून्य ते दहात किती, तर त्या कधी म्हणतात बारा, कधी म्हणतात बरं आहे. शिकलेल्या नाहीत. कसं सांगायचं? (भंडारा)

आकडा सोडा, काम विचारा. माझ्याकडे अशीच एक काकू यायची, काहीही विचारा, "बरं आहे जी". मग विचारलं भजनाला जाता का, तर म्हणाली नाही जात, "खाली बसलं का उठवाले दोघीजणी लागतेत, लाज वाट्टे." रोवण्याला? दोन वर्षांपासून बंद, बांधीत पाय फसला की निघत नाही. पाणी किती पिता? तेव्हा सून बोलली की संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री उठून मागच्या संडासापर्यंत जावं लागू नये म्हणून. एवढं सगळं गेलेलं आणि बाई म्हणते बरं आहे.

तर ताई, आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहा. रात्री किती वेळा उठल्या, संडासला बसताना-उठताना धरावं लागलं का, किती अंतर न थांबता चालल्या, कोणतं काम दुसऱ्यावर टाकलं, कुठे जायचं टाळलं, आणि त्या दिवशी कोणाशी हसून बोलल्या का. शेवटचं मुद्दाम सांगते, ते कोणी लिहीत नाही.

डॉक्टरांना तीनच गोष्टी सांगायला वेळ असेल तर मागच्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्यातला आनंद त्यानं किती हिरावला, रोजची कामं किती अडली. ओपीडीत वापरायची तीन प्रश्नांची छोटी पट्टी अशीच आहे. ज्यांना आकडा जमत नाही त्यांच्यासाठी मी दहा बोटं पुढे करते आणि म्हणते, धड असताना तुमचं काम ही दहा बोटं, आता त्यातली किती उरली? लगेच सांगतात.

एकच विनंती, त्या बोलत असताना तुम्ही मध्ये बोलू नका. सून सासूचं उत्तर देते, लेक बापाचं देतो, आणि पेशंट गप्प होतो.

प्रश्न : कंबरेसाठी डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली. मेडिकलवाला म्हणे ही डिप्रेशनची गोळी आहे. घेऊ का?

घ्या. मुळात डिप्रेशनचीच आहे, पण कमी डोसात, रात्री १० मिलिग्रॅमपासून, नसांच्या दुखण्यावर आणि झोपेवर काम करते. डिप्रेशनसाठी डोस कितीतरी जास्त लागतो. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, तेव्हा पहिले काही दिवस पहाटे गाडी-ट्रॅक्टर चालवू नका. हृदयाचा त्रास, काचबिंदू किंवा लघवी अडकत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आपल्या मनानं बंद करू नका.

प्रश्न : वय ३२. ओटीपोट अन् कंबर तीन वर्षांपासून दुखते. दवाखान्यात मिस्टर सोबत असतात, मला विचारलं तरी तेच सांगतात. संबंधाच्या वेळी खूप दुखते, ते मी सांगूच शकत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आहे.

तुम्ही एकट्या नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. बाकीच्या सहन करत होत्या, काम करत होत्या.

तुम्ही घरूनच चिठ्ठी लिहून न्या, "मला एकटीला बोलायचं आहे" एवढंच, आणि केसपेपर काढताना नर्सच्या हातात द्या. तपासणीच्या नावानं नवऱ्याला बाहेर बसवणं हे आम्ही नेहमीच करतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. आत गेल्यावर संबंधाच्या वेळचं दुखणं, पाळी, अंगावरून जाणं, लघवीची जळजळ सगळं सांगा. आणि नको असताना जबरदस्ती होत असेल, मारहाण होत असेल, तर तेही सांगा, ते दुखण्याच्या तपासणीचाच भाग आहे. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे दुखणं नाही असं होत नाही, ओटीपोटाच्या स्नायूंची ताठरता, एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) बारीक गाठी पुष्कळदा त्यात दिसत नाहीत.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, सिकलसेल एसएस आहे. महिन्यातून दोनदा अंग ठणकते, भरती करावं लागते. आता मधल्या दिवसांतही खुबा दुखते म्हणतो. कॉलेज बुडते. दवाखान्यातले म्हणतात सुईची सवय लागली, नाटक करते. (गडचिरोली)

नाटक हा शब्द मनातून काढून टाका, आणि पोराला तसं सांगा, तुमच्या तोंडून. सिकलसेलमध्ये रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक नसा अडवतात, ते दुखणं भयंकर असतं. ज्या पोरानं लहानपणापासून ते सोसलं, तो चेहरा शांत ठेवून मोबाइल बघत बसू शकतो, आणि तेच बघून लोक म्हणतात दुखत नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, ती वेगळी मांडा. एक झटक्याचं, दुसरं रोजचं खुब्याचं. रक्तपुरवठा कमी पडून खुब्याचा गोळा खराब होऊ शकतो, त्यासाठी एक्स-रे, लागल्यास एमआरआय करायला सांगा. वहीत लिहा, झटका कशानं आला, थंडी, पाणी कमी, जास्त श्रम, ताप, आणि किती दिवस कॉलेज बुडालं. हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, ती नियमित घेतली तर बहुतेकांचे झटके कमी होतात. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच भरती.

आणि त्याच्या मनाचं विचारा. या वयात मित्र पुढे जातात, आपण कॉटवर, पुढे काय होणार हे त्याला सगळं कळतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल धरला आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, परीक्षेत आणि शिक्षणात सवलतीसाठी त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : पहिल्यांदा दुखण्याच्या डॉक्टरकडे चाललो. सोबत काय न्यावं?

एक्स-रे, एमआरआय असेल ते, आणि त्याहून गरजेचं म्हणजे घरातली सगळी औषधं एका पिशवीत. रिकाम्या पाकिटांसकट. बाजारातून आणलेली बिननावाची पुडी, गावात मिळालेली सांधेदुखीची गोळी, तेल, सगळं. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून ती वर्षभर खाल्ली असेल तर एकदम बंदही करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतील. दुखण्याच्या गोळ्या रोज किती हेही खरं सांगा, किडनी आणि पोट त्यावरच तपासायचं असतं. खर्रा, दारू, मोहाची घेतली की रात्र निघते हेही सांगा, त्यासाठी कोणी रागावणार नाही, रागावलं तर दुसरा डॉक्टर बघा. आणि रात्री नेमके किती वाजता उठता ते आठवून जा.