११६ विजय, तरीही विजेतेपद हुकले

प्रश्न : २००१ च्या हंगामात सिअ‍ॅटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकूनही विजेतेपद का हुकले?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रणजी करंडकात विदर्भाची वाटचाल पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असेलच, की साखळीतील पुण्याई बाद फेरीत कामी येत नाही. मरिनर्सने बाद फेरीच्या मालिकेत क्लीव्हलँडच्या संघाला ३-२ असे कसेबसे नमवले. पुढच्या मालिकेत मात्र न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्यांना ४-१ असे गारद केले. लांबलचक साखळीत पाच पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारे खेळाडू) आलटून-पालटून उतरवावे लागतात, तर छोट्या मालिकेत दोन अव्वल पिचरही पारडे फिरवू शकतात, त्या वर्षी विजेत्या अ‍ॅरिझोना संघाकडे रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग असे दोन पिचर होते, आणि त्यातला जॉन्सन (दैवाची थट्टाच म्हणायची!) १९९८ पर्यंत मरिनर्सचाच होता.