देवघरातलं निरांजन आणि रघूचे घोडे

‘फुलवात लावतो त्या लहान पितळी दिव्याला निरंजन म्हणायचं की निरांजन? आणि समई व निरांजन यांत फरक काय?’ असा प्रश्न आला आहे.

निरांजन. भांड्यांच्या दुकानात ‘पितळी निरंजन’ अशी चिठ्ठी डकवलेली असते, पूजेच्या सामानाच्या यादीत तेच, आणि परवा एका घरी गुरुजींनीच ‘निरंजन पुढे घ्या’ म्हटलं तेव्हा माझं पूजेतलं लक्ष उडालं. निरंजन हे परमेश्वराचं विशेषण आहे. ज्याला अंजन, म्हणजे मायेचा डाग, लागत नाही तो. ‘अलख निरंजन’मधला. त्याच्यात तूप कसं घालणार?

मूळ शब्द संस्कृत ‘नीराजन’. त्यात अनुस्वार नाही. तेलुगूत आरतीला आजही नीराजनम् म्हणतात, तिथेही तो नाही. फोड निर् + राज्. राज् म्हणजे झळकणं. निर् मधला र् पुढच्या र समोर लोपतो आणि मागची इ दीर्घ होते, जसं निर् + रोग = नीरोग, निर् + रस = नीरस.

आता मुख्य गोष्ट. हा शब्द मुळात देवघरातला नाहीच, तो राजाच्या छावणीतला आहे! अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, नीराजना येते ती क्षत्रियवर्गात, शस्त्रधारी राजांचा विधी म्हणून. कौटिल्य अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाला, म्हणजे राजाच्या घोड्यांवरच्या अधिकाऱ्याला, सांगतो की आश्विनात नवव्या दिवशी घोड्यांची नीराजना करावी. पावसाळा सरला, वाटा सुकल्या, आता मोहीम. त्याआधी घोडे, हत्ती, शस्त्रं यांवरची इडापिडा उतरवायची. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तेही आश्विनातल्याच नवमीला. आणि रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू, म्हणजे रामाचा पणजोबा, दिग्विजयाला निघतो तेव्हा कालिदास ‘वाजिनीराजनाविधौ’ म्हणतो. वाजी म्हणजे घोडा. त्या विधीत होमाची ज्वाला उजवीकडे वळते आणि जणू हात पुढे करून रघूला जय देते. आपण निरांजन ओवाळतो तेही उजवीकडूनच. परीक्षेला निघालेल्या मुलाला किंवा सीमेवर परतणाऱ्या जवानाला आई ओवाळते, तेव्हा तिच्या हातात रघूच्या छावणीतला शब्द असतो. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या शब्दाचा एक काना आपण हलगर्जीपणाने गाळतो, याचं मला वाईट वाटतं.

काही जण मोठ्या अधिकाराने सांगतात की निर् + अंजन, म्हणजे काजळी न धरणारा दिवा, कारण त्यात तूप असतं. हे साफ चूक आहे. निर् + अंजन यांचा संधी निरंजन होतो, ‘रा’ येईल कुठून? आणि तुपाच्या दिव्याला काजळी धरत नाही असं म्हणणाऱ्याने घरी काजळ धरलेलं पाहिलेलं नाही. आमच्या आजी तुपाच्या ज्योतीवरच तांब्याची पळी उपडी धरून नातवंडांसाठी काजळ करत.

जुन्या पंडितांची नीर + अजन (शांतीचं पाणी शिंपडणं) ही फोड व्याकरणात बसते, म्हणून तिचा मी आदर करतो. पण कालिदासाच्या श्लोकात जय देते ती ज्वाला. मला तरी राज् सोडवत नाही.

मग मराठीत अनुस्वार शिरला कसा? माझं मत असं, की तो नाथपंथाने दिला. दारोदारी ‘अलख निरंजन’ ऐकलेल्या कानांना ‘नीराजन’ अपुरा वाटला असणार, आणि दिवा म्हटला की काजळ, म्हणजे अंजन, मनात होतंच. कोशांत याला आधार शोधू नका, हे माझं अनुमान आहे, पण मी त्यावर ठाम आहे. पूजेतही आता ‘महानिरांजनदीपं समर्पयामि’ असंच म्हणतात. मराठीत तो अनुस्वार रुजला आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. काना मात्र ठेवा.

समईचं राहिलंच. समई उंच, तेलाची, लांब वातींची, देवापुढे एका जागी तेवणारी. निरांजन बुटकं, तुपाचं, फुलवातीचं, तबकात ठेवून ओवाळायचं.