आईची लुगडी, चिकट पानांचे अल्बम

प्रश्न: आईला जाऊन वर्ष झालं. आता गावचं घर विकायचं आहे. पंचवीसेक नऊवारी लुगडी, तांब्याचा बंब, चिकट पानांचे चार अल्बम आणि मोडी लिपीतल्या कागदांचं गाठोडं आहे. आमची जागा दोन खोल्यांची. द्यायला हात धजत नाही, ठेवायला कोपरा नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी मोडीचे कागद. घराचा व्यवहार होण्यापूर्वीच ते मोडी वाचणाऱ्याला दाखवा, त्यात जमिनीचे किंवा वाटणीचे दस्त असू शकतात. गंजणाऱ्या टाचण्या काढा. लॅमिनेशन मात्र कधीही करू नका, ते पुन्हा निघत नाही. घरात ठेवणं शक्य नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत विचारा. १९१० पासून तिथे हेच काम चालतं.

लुगडी वाटण्याआधी मावशी, आत्या, थोरली बहीण यांना बोलवा. एकेक लुगडं उलगडा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा: कोणी घेतलं, कोणत्या कार्याला नेसली होती. हे सांगणारी माणसं आहेत तोवरच होईल, म्हणून याची घाई करा. मोडीचे कागद सोडले तर बाकी सगळं थांबू शकतं.

मऊ पडलेल्या सुती लुगड्यांची गोधडी शिवून घ्या. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर असते. चार पदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, रुंदी पन्ह्याइतकी, एका माणसाला पुरेशी. जरीचे काठ आधी उसवा, जर बोचते आणि शेजारचं सूत कापते. वरून नवं कापड लावणार असाल तर ते आधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. विरलेलं रेशीम गोधडीत घालू नका, टाक्यापाशीच फाटतं.

रेशमी दोन-तीनच ठेवा. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबरगोळ्या नकोत. दर तीन महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम चिरतं ते जुन्या घडीवरच. बाकीची नात्यात द्या. जुनी जर चांदीची असू शकते, तेव्हा पारख केल्याशिवाय बोहारणीला देऊ नका.

अल्बममधला फोटो नखाने उचकटू नका, वाकला की वरचा थर तडकतो. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढा, म्हणजे क्रम कळेल. मग बिनमेणाचा दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढा. अडला तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतं, पासपोर्टएवढ्याला ६०० ठेवा. मागे नावं मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी फोटोचा दर्जा घटतो. एक प्रत भावंडाकडे असू द्या.

बंब खुशाल मोडीत द्या. पण घरातली बाकीची भांडी उलटून पाहा. नाव आणि तारीख घातलेली एखादी लोटी निघाली, तर बंबाऐवजी ती ठेवा.