चमत्काराचा इतिहास लिहायला बसलेल्यास

त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत ऐकलेल्या चमत्कारांवर लिहायचं म्हणतोस, तर लिही. पण ‘घडलं की नाही’ इथून सुरुवात करू नकोस. आधी विचार, हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, घटनेच्या किती जवळून सांगितलं?

तुकोबांच्या वह्यांचंच बघ. ती गोष्ट सांगणारं संतचरित्रकार महिपतींचं ‘भक्तविजय’ १७६२चं, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेवढंच हाती असतं तर दंतकथा म्हणून बाजूला ठेवलं असतं. पण खुद्द गाथेत ‘उदकीं राखिलें कागद’ असं आहे. त्यामुळे वह्या पाण्यात गेल्या, परत मिळाल्या आणि तुकोबांनी ती विठ्ठलाची कृपा मानली, एवढं इतिहासकार बऱ्याच भरवशाने म्हणू शकतो. विठ्ठलाने त्या राखल्या का, हे मात्र कागदपत्रांतून ठरत नाही. तिथे आपलं साधन संपतं.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये म्हटलं होतं की, चमत्काराची साक्ष खोटी ठरणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य वाटलं, तरच ती मान्य करावी. मला ही कसोटी उपयोगी वाटते. पण ती लावून वारकऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. ती श्रद्धाही इतिहासच आहे, तिने माणसं पंढरीपर्यंत चालवली.

आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा. गाथा आणि महिपती शेजारी ठेवून वाच, आणि महिपतींनी काय वाढवलं ते वहीत तारखेसकट उतरव.