घरची शाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाच आणि धाकटा दीड वर्षाचा. सकाळी नऊ ते एक असं वेळापत्रक लावलं आहे, पण साडेदहाला सगळं कोलमडतं. कुठे चुकतंय? (एक आई, वानवडी)

चार तास शाळेला लागतात, घराला नाही. शाळेचा बराच वेळ हजेरी, रांगा आणि वह्या तपासण्यात जातो. घरी पाच वर्षांच्या मुलीला अर्धा तास बैठा अभ्यास पुरतो. सात वर्षांच्या मुलाला सव्वा तास, तोही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये उठून हालचाल करून.

गोंधळ बहुतेक वेळा धाकट्यापासून सुरू होतो, कारण आपण त्याला शेवटी ठेवतो. क्रम उलटा करा. आधी पंधरा मिनिटं फक्त त्याच्याबरोबर खेळा, त्याला खाऊ द्या, मग मोठ्यांना घेऊन बसा. फक्त अभ्यासाच्या वेळी निघेल अशी एक टोपली ठेवा : स्टीलच्या वाट्या, झाकणं, मोठे लाकडी चमचे, कापडाचे तुकडे. राजमा, चणे, मणी अजिबात नकोत. या वयात ते तोंडात नाहीतर नाकात जातात. टोपली दिवसभर बाहेर राहिली की दोन दिवसांत तिची नवलाई संपते.

मुलाचं नवं गणित धाकट्याच्या झोपेसाठी राखून ठेवा. सराव, चित्र, गाणी हे गडबडीतही चालतं. आणि अभ्यासाच्या वेळेत फोन उचलू नका.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची आहे. मुळाक्षरं, काना-मात्रा सगळं येतं, पण पवित्र शास्त्र (बायबल) वाचायला दिलं की दुसऱ्याच शब्दाला अडते. मराठी थांबवून इंग्रजी वाचन घ्यावं का? (एक वडील, पिंपरी)

थांबवू नका. तिची अडचण मराठीची नाही, जोडाक्षरांची आहे, आणि पवित्र शास्त्रात ती दाटीवाटीने येतात : स्तोत्र, आत्मा, स्वर्ग, प्रार्थना, ख्रिस्त. मधली पायरी न घेता मुलीला थेट तिथे नेलं, एवढंच झालं आहे. रोज पाच-सहा नवे शब्द घेतले तर साधारण दीड-दोन महिन्यांत ही पायरी पार होते.

सुरुवात एकाच अक्षराच्या जोडीने करा : पत्ता, गल्ली, कच्चा. इथे आघात कानाला स्पष्ट कळतो. मग दोन वेगळी अक्षरं : रस्ता, पुस्तक, दोस्त. जाड कागदावर तळहाताएवढा ‘स’ काढा आणि त्याची उभी दांडी मुलीलाच कात्रीने कापायला लावा. उरलेला अर्धा ‘स’ पुढच्या ‘त’ला चिकटवला की ‘स्त’ कसा झाला ते तिच्या हाताला कळतं. ग, म, न, त, प यांचंही असंच. ‘क’ आणि ‘फ’ची मात्र दांडी कापायची नाही, उजवीकडचा आकडा आखूड करायचा. ट, ड, द, ह यांना अशी दांडीच नाही, म्हणून त्यांच्या जोड्या वेगळ्या दिसतात. त्या शेवटी घ्या. मधला आठवडा ‘य’च्या जोड्यांना द्या : त्याला, माझ्या, पुण्यात. रोजच्या मराठीत याच सगळ्यात जास्त भेटतात.

‘र’साठी पूर्ण दोन आठवडे ठेवा, कारण तो चार रूपांत येतो : प्रभू, ट्रक, सर्व, दऱ्या. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती रफारावर. तो दिसतो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. त्यामुळे ‘स्वर्ग’चं ‘स्वगर’ होतं. बोट आधी वर रफारावर, मग खाली ‘ग’वर, असं रोज करून घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. हे दोन शब्द शेजारी लिहून मोठ्याने वाचले की फरक कानात बसतो. ऱ्हस्व वेलांटीचंही असंच आहे. ती डोळ्याला आधी दिसते, म्हणून मूल ‘कि’ला ‘इक’ म्हणतं. बोट आधी अक्षरावर ठेवायला सांगा. ‘ख्रिस्त’मध्ये वेलांटी, ‘र’ आणि ‘स्त’ एकत्र आले आहेत, तेव्हा हा शब्द सध्या अख्खा चित्रासारखा ओळखू द्या. फोड पुढे होईल.

लहान भावंडांना शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘ग म भ न’ हा क्रम हात वळवायला चांगला आहे, पण वाचनात म आणि भ एका दिवशी आणू नका. घ-ध आणि ब-व यांच्यातही किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

यानंतर पवित्र शास्त्राकडे परत या, तेही पाठ असलेल्या भागाने : प्रभूची प्रार्थना, 23वं स्तोत्र. धोका असा की मूल वाचत नाही, पाठ म्हणतं. म्हणून ओळीतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि तिला ओळ पुन्हा लावू द्या. मग मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाच्या चार वृत्तांतांपैकी एक, घ्या. 16 अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, आणि त्यात एकामागून एक घटना घडत जातात. तिने रोज चार वचनं वाचावीत, पुढचं तुम्ही. सरावाला सोप्या मराठीतलं भाषांतर चालेल, पण पाठांतर मंडळीत (चर्चमध्ये) वाचलं जातं त्याच भाषांतरातून करा; उपासनेत तेच शब्द कानावर पडले की मुलं सावरून बसतात. इतर वाचनासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापील हवी असतील तर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात.

इंग्रजी बोला, गाणी म्हणा. इंग्रजी वाचन मात्र मराठी सलग येईपर्यंत थांबवलेलं बरं.

प्रश्न : रात्री जेवणानंतरच्या कुटुंबप्रार्थनेत नातवंडं पेंगतात, नाहीतर भांडतात. सूनबाई म्हणते बंद करू या. (एक आजी, रास्ता पेठ)

आजी, बंद करू नका. जेवणाआधी घ्या आणि बारा मिनिटांत संपवा. एक गाणं, आठ-दहा वचनं, मग प्रत्येक मुलाची एका वाक्याची प्रार्थना. मोठ्यांची लांब प्रार्थना मुलं झोपल्यावर. ‘देवा, सर्वांना आशीर्वाद दे’ हे वाक्य मुलं सवयीने म्हणतात, म्हणून आधी विचारा : आज कोणासाठी? शेजारचे आजारी काका, पडलेला दात, काहीही चालेल. पाठांतराला आठवड्याला एक वचन पुरे. 23व्या स्तोत्रात सहा वचनं आहेत, म्हणजे सहा आठवडे आणि उजळणीला सातवा. एक विनंती : न आलेल्या वचनासाठी जेवण किंवा खाऊ अडवू नये.

प्रश्न : कायदा काय म्हणतो? पुढे दहावीचं काय? (एक जोडपं, कोंढवा)

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, 6 ते 14 वयासाठी. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, आणि घरच्या शिक्षणाची नोंदणी करण्याची सोय त्यात नाही. निर्णय घेताना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. उद्या शाळेत घालावंसं वाटलं तर वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते. त्यासाठी 14 वर्षं पूर्ण हवीत.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत कागद अडतो तो नावावर. बाप्तिस्म्याचं नाव एक, महापालिकेच्या जन्मदाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याची जागा घेत नाही. तिन्हीकडे अक्षरन् अक्षर एक आहे का ते आजच बघा. परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी दुरुस्तीला वेळ उरत नाही. शिवाय दर महिन्याची एक वही, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि तारीख घातलेली कामं फाइलला लावत जा.

प्रश्न : डिसेंबरात नाताळच्या गायनाचा सराव, फराळ, पाहुणे. अभ्यास बुडतो. (एक आई, खडकी)

15 डिसेंबरपासून फक्त वाचन आणि पाढे ठेवा, बाकी फराळात येतंच. शंकरपाळ्यांना तूप, साखर आणि दूध प्रत्येकी एक वाटी. मैदा मावेल तेवढा. निम्मं करायचं तर प्रत्येकाचं किती, हे मुलांना मोजू द्या. मैदा वाटी-वाटीने घालायला लावून नोंद ठेवायला सांगा. तूप जास्त झालं तर शंकरपाळ्या तेलात विरघळतात, म्हणून आधी एकच तळून बघा. तळणीजवळ मात्र मुलं नकोत.